देवगिरीचा खंदक आणि मिठाची पोती

मा. संपादक, स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत किल्ल्यांवर काही आलं की मी आधी देवगिरी, म्हणजे दौलताबादचा किल्ला, आहे का बघतो, आणि असला तर दरवेळी तेच, चांदमिनारचा फोटो, अंधारी म्हणजे तो काळोखा बोगदा, आणि तुघलकाने १३२७ ला राजधानी दिल्लीहून इथे हलवली तो किस्सा. चूक काही नाही हो त्यात, पण खरी कमाल राहूनच जाते.

मागच्या महिन्यात नातवाला घेऊन गेलो होतो. पूल ओलांडताना खंदकात वाकून बघा म्हटलं तर सगळे सेल्फीत! तो खंदक बांधलेला नाही, अख्ख्या काळ्या दगडात खोदलाय, आणि वर डोंगराचा खालचा उतारच छिन्नीने तासून सुमारे ५० मीटरची उभी भिंत केलीय. वेरूळ इथून जवळच, तिथे डोंगर कोरून देऊळ काढलं, इथे डोंगर कोरून किल्ला. वर जायची वाट एकच, तीही दगडाच्या पोटातून, मिट्ट काळोखात, आणि वरच्या तोंडाशी जाळ करून धूर आत सोडायची सोय. शत्रू वर चढणार कसा सांगा.

आता गाइड म्हणतात किल्ला पडला तो फितुरीने. मला हे पटत नाही. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी आला तेव्हा यादवांचा राजा रामदेवराय वर सुरक्षितच होता, त्याचा मुलगा शंकरदेव फौज घेऊन बाहेर, आणि गडावर धान्य म्हणून चढवलेल्या पोत्यांत निघालं मीठ, म्हणून शरण जावं लागलं, असं सांगतात. मिठाची गोष्ट बाजूला ठेवा हवं तर, पण १६३३ ला मुघलांचा वेढा पडला तेव्हाही तेच की, मुघल सरदार महाबतखानाने सुरुंग लावून अंबरकोट ही बाहेरची तटबंदी उडवली, मग आतली महाकोट, पण निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्या पोराने, फत्तेखानाने शेवटी किल्ला दिला त्यात उपासमारीचा वाटा मोठा होता. म्हणजे एवढा डोंगर तासला आणि घात केला कोठीने.

खंदकापाशी हे सांगणारा चार ओळींचा मराठी बोर्ड लावायला काय हरकत आहे? आणि तुम्हीसुद्धा पुढच्या वेळी मिनाराऐवजी त्या तासलेल्या कड्याचा फोटो छापा की.

नातू परतीच्या एसटीत विचारत होता, आजोबा, पोती वर चढवायच्या आधी उघडून का नाही बघितली कोणी?

तुमचा एक जुना वाचक