वकिली सोडू पाहणाऱ्या लेकीस

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी गप्प बसलो, तो तुला नकार वाटला. तसं नव्हतं गं. मला पटकन बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

सनद घेऊन दीड वर्ष झालं आणि आता तुला संस्कृतात एम.ए. करायचंय. तुझी आई म्हणते, खूळ आहे. मला मात्र स्कॉटलंडचे विद्वान प्राध्यापक जॉन स्टुअर्ट ब्लॅकी आठवले. जन्म १८०९, ग्लासगोचा, वाढले अ‍ॅबर्डीनला. वडील बँकेतले, माझ्यासारखेच. (ते बँक चालवायचे, मी कॅश मोजली, एवढाच फरक!) मुलगा पाद्री व्हायचा होता. १८२९ मध्ये वडिलांनी त्याला जर्मनीत शिकायला धाडलं आणि तो परत आला तो पाद्रीपण डोक्यातून काढूनच. मग वकिली. १८३४ मध्ये सनद मिळाली आणि त्याच वर्षी स्वारीनं छापलं काय, तर जर्मन कवी गोएथेच्या 'फाउस्ट' नाटकाचं भाषांतर! त्या बापाला काय वाटलं असेल, याचा मी परवापासून विचार करतोय.

१८३९ मध्ये अ‍ॅबर्डीनला लॅटिनचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. चर्चच्या धर्ममतांवर सही करणं सक्तीचं होतं. ती यांनी केली, पण ही पदापुरती, माझ्या खासगी श्रद्धेची नव्हे, असं उघड सांगून टाकलं. झालं, कोर्टकचेरी! खुर्ची मिळायला १८४१ उजाडलं.

पुढे १८५२ पासून तीस वर्षं एडिंबराला ग्रीक शिकवलं. ग्रीक मेलेली नाही, आजचे ग्रीक बोलतात तशीच ती बोलून शिकवा, हा त्यांचा हट्ट. संस्कृतच्या तासाला नुसते रूपांचे तक्ते घोकायला लागलीस की हे आठव. अंगावर चौकड्यांची शाल, पांढरे लांब केस, मध्येच गाणं. कविताही भरपूर लिहिल्या; कवितांसाठी कोणी त्यांना आठवत नाही, हे खरं.

मला सगळ्यात आवडतं ते हे: गेलिक, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली जुनी केल्टिक भाषा, त्यांची मातृभाषा नव्हे. तरी उतारवयात तिच्यामागे लागून, व्याख्यानं देत, लोकांपुढे हात पसरून बारा हजार पौंड जमवले आणि एडिंबरा विद्यापीठात केल्टिकचं अध्यासन उभं केलं. तिथले प्राचार्य तेव्हा सर अलेक्झांडर ग्रँट, आपल्या एल्फिन्स्टन कॉलेजचे एकेकाळचे प्राचार्य.

आईला मी समजावतो. सनद मात्र चालू ठेव. फी किती आणि फॉर्मची शेवटची तारीख कोणती, ते कळव.

तुझे बाबा