सोन्या, लाइटिंगचं नंतर बघ, आधी हवेचं बघ

आइंडहोव्हन

ती. आई-बाबांना नमस्कार, आणि सोन्या तुला एक धपाटा,

आई, मी बरी आहे, इथं थंडी सुरू झालीय, चटणी अजून पुरतीय. बाकीचं रविवारी फोनवर बोलूच, हे पत्र खरं तर सोन्यासाठी कारण फोनवर हा नुसता हो हो करतो आणि शेवटी करायचं तेच करतो. बाबा तुम्हीपण वाचा, पैसे तुमचे जाणारेत.

सोन्या, तुझ्या नव्या कॉम्प्युटरच्या पार्टची यादी बघितली. सहा रंगीत फॅनचा काचेचा कॅबिनेट, आणि पॉवर सप्लाय कुठलातरी बिननावाचा! उलटं झालंय की रे सगळं. समोरनं काच असली तर हवा आत येणार कुठनं? आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आणि कितीही फॅन लावलेस तरी खोलीत आहे तीच हवा आत जाणार, ती काय एसीसारखी गार होणार नाही. म्हणून समोर जाळी असलेला घे, काढून धुता येणारा डस्ट फिल्टर असलेला, आपल्या रस्त्याची धूळ तुला माहितीच आहे.

रायझन ५ ७६०० प्रोसेसर बरोबर आहे, ६५ वॉटचा, बॉक्समध्येच कूलर येतो, ते लिक्विड कूलर काढून टाक यादीतनं. आरटीएक्स ४०६० पण ठीक, ११५ वॉटचं ग्राफिक्स कार्ड, तुझ्या १०८०पी मॉनिटरला चिक्कार झालं. वाचलेले पैसे ५५० वॉटच्या चांगल्या पॉवर सप्लायला घाल. रॅम एकच मोठी घेऊ नको, १६ जीबीच्या दोन घे आणि प्रोसेसरकडनं मोजून दुसऱ्या नि चौथ्या स्लॉटमध्ये बसव.

आता फॅन, कारण फोटोत तू मागचा फॅन उलटा धरलायस. नीट बघ, फॅनच्या एका बाजूला पाती उघडी असतात आणि दुसऱ्या बाजूला मधल्या मोटरीला धरून ठेवणाऱ्या तीन-चार आडव्या काड्या असतात, हवा नेहमी उघड्या बाजूनं आत येऊन काड्यांच्या बाजूनं बाहेर पडते. पुढचे दोन-तीन आत ओढणारे, मागचा एक बाहेर टाकणारा, बास. आत येणारी हवा थोडी जास्त असली की फटींमधनं धूळ कमी शिरते.

वायरीचं म्हणशील तर तीन पिनचा फॅन चार पिनच्या हेडरवर (मदरबोर्डवर फॅनची वायर लावायच्या पिना) चालतो, खाच जुळवली की एकाच बाजूनं बसतो, जोर लावायचा नाही. फक्त बायोसमध्ये (कॉम्प्युटर चालू होताना उघडणारं मदरबोर्डचं सेटिंग) त्या हेडरला डीसी मोड दे, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करून स्पीड बदलतो, चार पिनच्या फॅनसाठीच्या पीडब्ल्यूएम मोडवर राहिला तर तीन पिनचा फॅन सारखा फुल स्पीडला ओरडत बसेल आणि आजी तुला झोपू देणार नाही. हेडर कमी पडले तर स्प्लिटर (एका हेडरवर दोन-तीन फॅन लावायची वायर) घे, पण फॅनवर किती अँपिअर लिहिलंय ते वाच, साधारण हेडर १ अँपिअरचं असतं (मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये बघून घे), ०.२ चे तीन फॅन आरामात चालतात. स्प्लिटरवर आरपीएम, म्हणजे फिरण्याचा वेग, एकाच फॅनचा दिसतो, बाकीचे बंद पडले म्हणून घाबरू नको. प्रोसेसरचा फॅन मात्र सीपीयू फॅन लिहिलेल्या हेडरलाच.

आणि रंगीत लाइट घेतलेसच तर ५ व्होल्टच्या लाइटची वायर १२ व्होल्टच्या लाइटसाठीच्या चार पिनवर घालू नको, एलईडी जळतात. दुकानदार घाईत लावत असला तर त्याला थांबव सरळ.

बाबा, दोन कामं तुमच्याकडं. वायरमनला बोलवून त्या खोलीचं अर्थिंग तपासून घ्या. आणि कॅबिनेट वरच्याच मजल्यावर ठेवायला लावा, २०१९ ला खालच्या खोलीत पाणी शिरलं तेव्हा फ्रिज उचलताना तुमची कंबर धरली होती ते आठवतंय ना. यूपीएस ६०० व्हीएचा घेतलात तर तो ३६० वॉटच्या आसपासच देतो, गेम चालू असताना लाइट गेली तर सेव्ह करून बंद करण्यापुरता, तासभर खेळायला नाही, हे याला आधीच सांगून ठेवा.

सोन्या, पॉवर सप्लायच्या लेबलचा फोटो पाठव, मी बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

तुमची,
ताई