नंदे, कुंभार्ली चढण्याआधी हे वाच

कराड,
अनंत चतुर्दशीनंतरचा रविवार

प्रिय नंदे,

तुझा फोन ठेवला आणि कितीतरी वेळ मी तशीच बसून राहिले. सत्तेचाळिसाव्या वर्षी तू लर्निंग लायसन्स काढलंस! काकूंना दवाखान्यात न्यायचं म्हटलं की दर वेळी कुणाची तरी गाडी आणि कुणाची तरी मनधरणी, ते आता थांबेल. मला फार आनंद झाला. पण फोनवर तू दोन गोष्टी बोललीस. एक, परीक्षेसाठी पाठ केलेली चिन्हं पास झाल्यावर निम्मी विसरली. आणि दुसरी, पक्कं लायसन्स मिळालं की दिवाळीत स्वतः गाडी चालवत, कुंभार्ली घाट चढून माझ्याकडे येणार. या दोन्ही एकाच फोनवर ऐकल्या, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

तारीख आधी मोजून ठेव. लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं, पण पक्क्या लायसन्सची टेस्ट तीस दिवस झाल्यावरच देता येते. तोवर गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा, आणि दादा शेजारच्या सीटवर हवा, त्याचं लायसन्स खिशात घेऊन. मागे बसून सूचना देत राहणं चालणार नाही. वेळ आली तर त्याचा हात हँडब्रेकपर्यंत पोचला पाहिजे. ‘एल’ लावायला लाजू नकोस. मागच्या माणसाला तुझ्याबद्दल तेवढी एकच गोष्ट कळते आणि ती कळल्यावर बहुतेक जण जरा अंतर राखतात.

आता चिन्हं. ती चित्रांनी पाठ केलीस म्हणून विसरलीस. आधी आकार बघ. लाल कडेचा त्रिकोण म्हणजे पुढे काहीतरी आहे, सावध हो: वळण, चढ, उतार, अरुंद पूल, शाळा, गुरं, दरड. लाल कडेचा गोल म्हणजे मनाई किंवा मर्यादा. निळा गोल म्हणजे हे करायचंच. निळा चौकोन नुसती माहिती देतो, दवाखाना कुठे, पेट्रोलपंप कुठे. एवढं डोक्यात बसलं की चित्र नीट दिसण्याआधीच पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलायचा की नाही ते कळतं. लाल गोलात ४० लिहिलं असेल तर चाळीसच्या वर जायचं नाही, आणि तेच ४० निळ्या गोलात असेल तर चाळीसच्या खाली यायचं नाही. हॉर्नचंही तसंच. दवाखान्याजवळ लाल गोलात आडवी रेघ मारलेला हॉर्न म्हणजे वाजवू नकोस, आणि आंधळ्या वळणाआधी निळ्या गोलात हॉर्न दिसला तर वाजवायलाच हवा.

दोन पाट्या मात्र मुद्दाम निराळ्या आकाराच्या केल्या आहेत. ‘थांबा’ची अष्टकोनी आणि ‘रस्ता द्या’ची उलटा त्रिकोण. त्यांच्यावर चिखल उडालेला असो की वेल चढलेला असो, नुसत्या कडेवरून ओळखता येतात. पाठमोऱ्या दिसल्या तरी कळतं की समोरून येणाऱ्याला थांबायला सांगितलंय. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पाटणच्या अलीकडे एका फाट्यावर पाटीचा नुसता पाठीमागचा पत्रा पाहून एकदम उमगलं आणि तेव्हापासून मला या पाट्यांबद्दल मायाच वाटते. कुणीतरी कुठेतरी बसून, आपल्याला कधीही न भेटलेल्या माणसाने, पावसात आणि अंधारात आपलं काय होईल याचा विचार केलाय.

जमिनीवरच्या रेघाही वाच. तुटक पांढरी रेघ म्हणजे रस्ता मोकळा असेल तर ओलांडायची परवानगी. सलग रेघ म्हणजे नाही. कुठे सलग आणि तुटक शेजारी शेजारी असतात, तिथे आपल्या बाजूची रेघ आपल्यासाठी. घाटात सलग रेघ ज्याने मारली त्याला पलीकडचं वळण माहीत होतं आणि तुला माहीत नाही, एवढं धरून चाल.

आता मी तुला कधीच न सांगितलेली गोष्ट सांगते. मी गाडी शिकले त्या पहिल्याच वर्षी याच रस्त्याने कोयनानगरहून येत होते. मुक्ता सहा वर्षांची, मागच्या सीटवर उभी. पुढे ट्रक होता, बराच वेळ साइड देत नव्हता. मग त्याने उजवा इंडिकेटर दिला. आपल्याकडे काही ट्रकवाले ‘ये पुढे’ म्हणूनही इंडिकेटर देतात, तसंच मी समजले आणि उजवीकडून काढली. तो खरंच उजवीकडे वळत होता, चहाच्या टपरीकडे. मी ब्रेक मारला. माझ्या बाजूला नुसता आरसा गेला आणि दारावर ओरखडा आला. मुक्ता मात्र पुढच्या सीटवर आपटली. कपाळावर चार टाके पडले. तिच्या भुवईवरची ती खूण तू पाहिली आहेस आणि ‘पडली होती’ म्हणून मी तुला सांगितलं होतं. खरं हे आहे.

त्या दिवसापासून माझं एकच म्हणणं आहे, नंदे. रस्त्यावर कुणी कुणाला ओळखत नाही, म्हणून प्रत्येक खुणेचा अर्थ सगळ्यांना एकच कळला पाहिजे. इंडिकेटरचा अर्थ ‘मी त्या बाजूला जातोय’ एवढाच. कुणाच्या इंडिकेटरवर विसंबून ओव्हरटेक करू नकोस, समोरचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी दिसला तरच कर. तूही कुणाला साइड द्यायला इंडिकेटर वापरू नकोस. डिपरचंही असंच आहे. आपल्याकडे समोरचा डिपर मारतो तेव्हा बहुधा ‘मी येतोय, तू थांब’ म्हणत असतो, पण एखादा भला माणूस ‘तू जा’ म्हणूनही मारतो. कळलं नाही तर थांब. आणि मागे बसलेल्यानेही पट्टा लावायचा. कायद्यातही तसंच आहे, १४ वर्षांखालच्या मुलांसाठी तर २०१९ च्या दुरुस्तीत वेगळं कलमच घातलंय. काकूंना सवय नसेल, कुरकुर करतील. तरी लाव.

वेगाचं थोडक्यात. २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे आपल्या दुपदरी रस्त्यांवर कारला जास्तीत जास्त ७० ची मुभा आहे, पाटीवर कमी लिहिलं असेल तर तेच खरं. पण तू साठने जात असशील तर गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. म्हैस दिसली, मेंदूला कळलं, पाय ब्रेकवर गेला, तोवरच १७ मीटर गेलेले असतात आणि गाडी थांबायला तिथून पुढे सुरुवात होते. म्हणून पुढच्या गाडीने एखादा खांब ओलांडला की मनात ‘एक विठ्ठल, दोन विठ्ठल’ म्हण. तू त्या खांबाशी त्याआधी पोचलीस तर फार जवळ आहेस. पावसात चार विठ्ठल मोज.

आता घाट. चिपळूणहून निघालीस की अलोरे, पोफळीपर्यंत हात बसेल, मग चढ. अरुंद जागी समोरासमोर गाड्या आल्या तर चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम आहे. मला तो सगळ्यांत शहाणा नियम वाटतो. भरलेला ट्रक चढावर एकदा थांबला की पुन्हा उचलणं किती कठीण, मागे घसरला तर काय होईल, याचा त्यात विचार आहे. उतरणाऱ्याला थांबणं तुलनेनं सोपं असतं. म्हणजे येताना हक्क तुझा आणि परत जाताना समोरच्याचा. पण हक्क असला तरी समोरचा थांबलेला दिसल्याशिवाय पुढे घुसू नकोस.

उतरताना जीव मुठीत धरून सतत ब्रेक दाबत राहिलीस तर तो तापतो आणि पकड सोडतो. ज्या गिअरमध्ये चढलीस त्याच गिअरमध्ये उतर, इंजिन स्वतः गाडी आवरतं. पेट्रोल वाचवायला कुणी न्यूट्रलवर सोडायला सांगेल. दादाने सांगितलं तरी ऐकू नकोस. चढावर थांबून पुन्हा निघताना हँडब्रेक ओढ, हाफ क्लचवर गाडी किंचित उचलली की मग सोड. हे आधी बहादूरशेख नाक्याच्या गर्दीत नको, घराजवळच्या एखाद्या रिकाम्या चढावर वीस वेळा कर. वळणांवर काळ्या-पिवळ्या बाणांच्या पाट्या ओळीने दिसतील. बाण जितके जवळ जवळ तितकं वळण तीव्र, तिकडे बघ आणि वळणात शिरण्याआधीच वेग उतरव, वळणात नाही.

धुकं मिळालं तर अप्पर लाइट लावू नकोस, समोर पांढरी भिंत उभी राहते. डिपरवर, म्हणजे खाली पडणाऱ्या लाइटवर ठेव. पुष्कळ जण धुक्यात चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावतात. त्याने तू वळणार आहेस की सरळ जाणार आहेस, मागच्याला कळायला काही मार्गच राहत नाही. ते थांबलेल्या गाडीसाठी आहेत.

घाट संपला की हेळवाक, मग पाटण, आणि आपल्या भागात दिवाळीच्या सुमाराला उसाचा हंगाम सुरू होतो. हे तुला कोकणात माहीत नसेल म्हणून सांगते. एका ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे दिवा नाही, लाल कापडसुद्धा नाही. रात्री समोरच्या गाडीच्या उजेडात ती ट्रॉली दिसतच नाही. दर हंगामात आम्ही याच्या बातम्या वाचतो आणि दर हंगामात मला राग येतो. एक चमकती पट्टी लावायला कुणाचं काय जातं? तू मात्र दिवसाउजेडी ये. सकाळी सातला निघ, जेवायला माझ्याकडे.

आणखी एक, देव करो आणि वेळ न येवो. वाटेत कुणी जखमी दिसलं तर सुरक्षित जागी थांबून १०८ ला फोन कर. पोलिसांच्या भानगडीला घाबरू नकोस. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यातच आलं. तुला नावसुद्धा सांगायची सक्ती कुणी करू शकत नाही. हे दादालाही वाचून दाखव, तो मागे एकदा थांबला नव्हता आणि त्याचं त्याला अजून वाईट वाटतं.

मुक्ता आता स्वतः गाडी चालवते. तिला सांगितलं तू येणार म्हणून, तर म्हणाली, मावशीला पाटणपर्यंत आणायला मी जाते. मी नको म्हटलं. तू तुझी तू ये. हेळवाकला चहाला थांबशील तेव्हा गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घे, हँडब्रेक ओढ आणि मग मला फोन कर. तो फोन आला की मी भात लावते.

काकूंना नमस्कार.

तुझी,
शैला