वजन उतरल्यावर चालायचे कशासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘महिन्यात १० किलो कमी करा’ अशा पाट्या हल्ली शहरात जागोजागी दिसतात. त्यातला हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. शरीरातली १ किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. १० किलोंना ७७,००० लागतात, म्हणजे रोज अडीच हजारांहून जास्त. खुर्चीत बसून काम करणाऱ्या मध्यमवयीन माणसाचा दिवसभराचा एकूण खर्चच बहुधा तेवढा नसतो. त्याने महिनाभर नुसत्या पाण्यावर काढला तरी गणित जुळायचे नाही. पहिल्या आठवड्यात जे झपाट्याने उतरते त्यात पाणीच जास्त असते. साठवलेले ग्लायकोजेन (शरीरातला साखरेचा साठा) संपताना आपल्या तिप्पट पाणी घेऊन जाते आणि पोळी-भात सुरू झाला की तेवढेच परत आणते. उपासमार ताणली तर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. आठवड्याला अर्धा किलो, हीच झेपणारी चाल.

त्यासाठी परदेशी बिया आणि पावडरी लागत नाहीत. तेलाचा नवा ५ लिटरचा डबा फोडाल त्या दिवशीची तारीख त्यावर मार्करने लिहा. चौघांच्या घरात तो ३० दिवसांत संपत असेल तर तो ४५ दिवस पुरवा. माणशी रोज शंभराहून थोड्या जास्त कॅलरी वाचतात आणि ताटात काही कमी झाल्याचे कुणाच्या लक्षातही येत नाही. उपवासाचे मात्र उलटे आहे. पाऊणशे ग्रॅम साबुदाणा, ३० ग्रॅम दाण्याचे कूट, २ चमचे तूप आणि अर्धा बटाटा मिळून साडेपाचशेच्या घरात जातात. दोन फुलके, वाटीभर आमटी आणि भाजी त्याहून हलकी पडते. सिंहगडाचेही तसेच. पायथ्याच्या आतकरवाडीतून चढलात तर ऐंशी किलोच्या माणसाचे साधारण ५०० कॅलरींचे काम होते, आणि वर कांदाभजी व दह्याचे मडके वाट बघत असतात!

वजन सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, फरशीवर ठेवलेल्या काट्यावर करावे; सतरंजीवर काटा चुकतो. रोजचा आकडा किलो-दीड किलोने हलतो, आदल्या रात्रीचे लोणचे-पापडही त्याला पुरतात. म्हणून सात दिवसांची सरासरी धरावी. आणि काहीच न करता सहा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून जास्त उतरले, तर पेढे न वाटता डॉक्टरांकडे जावे.

खरी अडचण आकडा गाठल्यावर येते. हलके झालेले शरीर कमी खर्च करते, भूक मात्र वाढलेली असते. जे पथ्य सहा महिन्यांचे वाटले होते, ते आता कायमचे असते, आणि पहाटे साडेपाचला अंथरुणातून उठवायला काट्यावरचा आकडा पुरत नाही. आळंदीहून पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालणाऱ्या वारकऱ्याला कुणी पावले मोजायला सांगत नाही. त्याला कुठेतरी पोहोचायचे असते. आपल्याकडच्या टेकड्यांवर याचेच घरगुती रूप दिसते. तळजाईवर किंवा वेताळ टेकडीवर सकाळी तिथल्या रोपांना घालायला पाण्याच्या बाटल्या घेऊन चढणारी माणसे बघा.

हे काम आम्ही मुद्दाम सुचवतो. नवे रोप लावायच्या भानगडीत पडू नये, जागा बहुधा वनखात्याची असते, लावलेले जगवावे. सॅकमध्ये २ लिटर पाणी, म्हणजे पाठीवर २ किलो. ते बुंध्यावर भसकन ओतले तर मुरमावरून खाली वाहून जाते. उताराच्या खालच्या अंगाला दगड-मातीचा अर्धगोल बांध घालून आळे करावे, त्यात पाणी हळूहळू जिरू द्यावे, वर वाळका पाला पसरावा आणि तो खोडाला चिकटू देऊ नये. फेब्रुवारीपासून पावसापर्यंत आठवड्यातून दोनदा तरी जावे लागते. खाडा झाला की पाने माना टाकतात, आणि ते बघून माणूस दुसऱ्या दिवशी मुकाट्याने चढतो. उतरताना गुडघ्यावर भार जास्त येतो, तेव्हा पावले लहान टाकावीत. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात तीन चमचे साखरेची पुडी ठेवावी. घाम फुटून हात थरथरले तर ती तिथेच, बसून खावी.

जूनमध्ये चांगला पाऊस लागला की रोपांना आपली गरज उरत नाही, आणि नेमके तेव्हाच बऱ्याच जणांचे चढणे सुटते. पावसाळ्यात रोपाभोवतीचे गवत कापणे आणि वाटेवरच्या वेफर्सच्या पिशव्या गोळा करणे, एवढे काम तरी नक्की शिल्लक असते. विळा मात्र घरून न्यावा.

आपले,
आहार व व्यायाम सल्लागार मित्रमंडळी,
कोथरूड, पुणे