आई हल्ली भांडत का नाही

सोलापूर

चि. बाळ्यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन ठेवायच्या आधी तू सूनबाईला हळूच म्हणालास, "आई पूर्वीसारखी राहिली नाही." मला ते नीट ऐकू आलं. कानाला नवीन यंत्र बसवलंय, हे तुझ्या लक्षात राहिलं नव्हतं. मग तू मला बोलावतोयस त्या स्मृतीच्या तपासणीसाठी पुण्याला कोणी यायचं, ते तूच ठरव!

तुझ्या तक्रारी मला पाठ आहेत. शेजारच्या वहिनींचं नाव मला ऐनवेळी आठवलं नाही. लग्नसराईतली बरीच आमंत्रणं मी टाळली. आणि मुख्य म्हणजे शेताच्या बांधावरून काका वाट्टेल ते बोलले, तरी मी त्यांना चहा देऊन वाटेला लावलं. एवढी वर्षं मानसशास्त्र शिकवून पोटच्या पोराला हे समजावता येत नसेल, तर निवृत्तिवेतन घेणं सोडावं लागेल.

आधी डोक्याचं सांगते. वेग कमी झालाय, हे खरं. दोन माणसं एकदम बोलू लागली की माझा गोंधळ उडतो, आणि मोबाईलमधलं नवं काही शिकायला तुझ्या लेकीच्या दुप्पट वेळ लागतो. पण ही उतरण साठीला सुरू होत नाही. झटपट विचार करण्याची क्षमता विशीच्या आसपासच सर्वांत जास्त असते. म्हणजे तूही त्या घाटावरून खाली येतोयस, फक्त तुला अजून कोणी पुण्याला बोलावलेलं नाही. मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांनी बुद्धीचे दोन भाग मानले होते: नवं कोडं सोडवणारी प्रवाही बुद्धी आणि अनुभवातून साठत जाणारी. पहिली लवकर ओसरते, दुसरी पुष्कळ वर्षं वाढत राहते. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात समोरच्याच्या डोळ्यांवरून त्याची भावना ओळखण्यात चाळिशी-पन्नाशीतली माणसं सरस दिसली, आणि शब्दसंग्रह तर साठीनंतरही वाढताना दिसला. रविवारचं शब्दकोडं अडलं की तू कोणाला फोन करतोस?

तुझे आजोबा आठव. पूर्वभागातल्या त्या मागांच्या शेडमध्ये शेवटी शेवटी त्यांच्याच्यानं धागा लवकर जोडला जात नसे. तरुण कारागीर त्यांच्या दुप्पट चटपटीत. पण दारातून आत येता येता, त्या एवढ्या खडखडाटात, कुठला माग बिघडायच्या बेतात आहे हे ते आवाजावरून सांगायचे. मालकानं त्यांना उगाच नाही ठेवून घेतलं.

नावाचं म्हणशील, तर वहिनींची मुलगी अक्कलकोटला दिलीय, त्यांच्या शेंगाचटणीत लसूण जरा जास्तच असतो, हे सगळं मला त्या क्षणी आठवत होतं. नाव तेवढं ओठावर येऊन अडलं. वय वाढलं की विशेषनामं अशी अडतातच, कारण बाकीची माहिती एकमेकींना ओढून आणते, नावाला तसा आधार नसतो. संध्याकाळी कुकर लावताना ते आपोआप आठवलं. काळजी करायची लक्षणं वेगळी असतात. तासाभरात तोच प्रश्न मी पुन्हा पुन्हा विचारू लागले, सात रस्त्यावरून घरी येताना वाट चुकले, रोजचा भाजीचा हिशेब जमेना, किंवा हातातल्या किल्लीचं करायचं काय हेच कळेना, तर मी नाही म्हटलं तरी ऐकू नकोस, उचलून घेऊन जा.

आता लग्नं आणि काका. तुला वाटतं, मी खचलेय. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांनी वर्षानुवर्षं हाच विषय अभ्यासला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हाताशी वेळ भरपूर आहे असं वाटतं, तोवर माणूस नव्या ओळखी, नवी माहिती जमवत सुटतो. वेळ मोजका उरलाय असं जाणवलं की ज्यांच्यात जीव गुंतलाय त्यांच्याकडे वळतो. म्हातारी माणसं ओळखी कमी करतात त्या अशा, निवडून. त्यामुळे त्यांचा राग-त्रागाही बऱ्याचदा कमी होतो. आणि मला सर्वांत आवडतो तो भाग हा, की हे वयानं होतच नाही. 1997 मध्ये हाँगकाँग चीनच्या ताब्यात जाणार होतं. त्याच्या थोडं आधी, वेळ कोणाबरोबर घालवायला आवडेल असं विचारलं, तेव्हा तिथल्या तरुणांनीही म्हाताऱ्यांसारखी जवळचीच माणसं निवडली. वर्षभरानं तीच तरुण मंडळी पुन्हा नव्या ओळखींच्या मागे!

तू नोकरीला निघालास तो महिना आठवतो? कॉलेजच्या मित्रांच्या पार्ट्या सोडून रोज रात्री आजीजवळ बसून कडक भाकरी चुरून खायचास. कंबर तलावावर जायचास तेही एकाच मित्राबरोबर. तेव्हा तुझी तपासणी करावी असं कोणाच्या मनात आलं नाही.

सगळ्यांचंच म्हातारपण असं निवांत असतं, असं मी म्हणत नाही. सततचं आजारपण, एकटेपण किंवा ज्यातून सुटकाच नाही असा घरचा ताप असेल, तर ही शांती टिकत नाही. आणि म्हाताऱ्या माणसाचं जेवण तुटलं, झोप उडाली, आवडत्या गोष्टींतून मन निघालं, तर ते 'वयच झालं आता' म्हणून सोडून देऊ नये. ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार असतो. मी लग्नाला गेले नाही, पण त्याच संध्याकाळी मैत्रिणीच्या गच्चीवर हुरडा खाऊन आले. हा फरक तेवढा ध्यानात ठेव.

तपासणीला येईन. पुढे तुलना करायला आजची नोंद असलेली बरी, म्हणून. पण सिद्धेश्वराची गड्डा यात्रा झाल्यावर. नंदीध्वज निघायचे असताना मी गाव सोडणार नाही. बांधाचं मात्र माझ्याकडे पुन्हा काढू नकोस. ती हातभर जमीन तुला हवीच असेल, तर काकांशी तूच जाऊन बोल. ते चिडले तर चिडू देत, आणि काकू जेवून जा म्हणाल्या तर बस पाटावर.

तुझी,
आई