साहेब, तुम्ही आधी मशीन तपासलंत

आदरणीय साहेब,
सप्रेम नमस्कार.

या महिनाअखेरीस तुम्ही औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयातून निवृत्त होताय, हे आमच्या शेडमधल्या जुन्या सेटरकडून, म्हणजे मशीन लावून देणाऱ्या कारागिराकडून, कळलं. आमच्यासाठी तुम्ही अजूनही फॅक्टरी इन्स्पेक्टरच. तुमचं नाव इथे लिहीत नाही. तपासणीला आल्यावर कारखान्याचा चहासुद्धा न घेणाऱ्या माणसाला ते रुचणार नाही. पण पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून-कापून पीस काढणाऱ्या मशीनवर, बोटं गेलेले माझ्यासारखे पुष्कळ जण भोसरीत आहेत, चाकणला आहेत, आणि त्यातल्या कितीतरी जणांना आजही वाटतं की चूक आपलीच होती.

मलाही तसंच वाटायचं. २००४ चा पावसाळा, रात्रपाळी. पायडल दाबायचं, मशीनचा वरचा जड भाग, म्हणजे रॅम, एकदा खाली येऊन वर गेला, स्ट्रोक झाला, की पीस काढायचा, दुसरा ठेवायचा. पहाटे चारच्या सुमारास, पाय पायडलवर नसताना रॅम पुन्हा खाली आला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. दवाखान्यात भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारायचा, लक्ष कुठं होतं? फोरमनने विचारलं, मालकाने विचारलं, सासऱ्यांनी विचारलं. बायकोला सातवा महिना होता. रात्री छताकडे बघत मीही स्वतःला तेच विचारायचो.

मग तुम्ही आलात. मला शेडमध्ये बोलावून घेतलंत. वाटलं, आता जबाब द्यावा लागणार. तुम्ही मला काहीच विचारलं नाहीत. मेन स्विच बंद करायला लावलात आणि फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत हाताची घडी घालून उभे राहिलात. स्विच बंद झाला तरी ते चाक किती वेळ फिरत राहतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. आम्ही त्याच्या आधीच हात घालायचो. मग रॅमखाली ठोकळा लावून, फिरतं चाक रॅमला जोडणारा क्लच उघडायला लावलात, आतली चावी, म्हणजे ती जोड लावणारा-सोडणारा लोखंडी तुकडा, काढलीत आणि माझ्या डाव्या तळहातावर ठेवलीत.

"बघा, हिची कड झिजून गोल झालीय. स्प्रिंगही मेलीय. त्यामुळे चावी सुटली नाही आणि प्रेसने डबल मारला. तुमचं लक्ष असतं तरी मारलाच असता."

चोवीस वर्षांच्या पोराला तुम्ही अहो-जाहो करत होतात. त्या शेडमध्ये मला कुणी कधी 'बघा' म्हटलं नव्हतं. मी तिथेच रडलो, आणि तुम्ही दुसरीकडे बघत थांबलात, तेही लक्षात आहे.

मालकांनी लगेच हात दिसला की मशीन थांबवणारा सेन्सर बसवायची तयारी दाखवली. तुम्ही नको म्हणालात! चावीच्या क्लचचा प्रेस एकदा सुटला की स्ट्रोक पूर्ण केल्याशिवाय थांबत नाही. सेन्सरला हात दिसला तरी रॅम खाली येणारच. सेन्सर चालतो तो मधेच थांबवता येणाऱ्या, हवेच्या क्लचच्या प्रेसवर. इथे डायसमोर, म्हणजे पीस ठेवायच्या साच्यासमोर, जाळीचा पक्का गार्ड हवा, पीस सरकेल पण बोट शिरणार नाही एवढीच फट असलेला. १९४८ च्या कारखाना अधिनियमाचं कलम २१ तुम्ही तिथेच मराठीत समजावून सांगितलंत: धोक्याच्या भागाला मजबूत आडोसा, आणि मशीन चालू आहे तोवर तो जागेवर. प्रॉडक्शन पडेल, अशी कुरकुर झाली. तेव्हा तुम्ही खडू घेऊन जमिनीवर पीस सरकवायची घसरगुंडी काढून दिलीत. सेटरने ती पत्र्यातून बनवली आणि सगळ्या प्रेसना लावली. मी पुढे अकरा वर्षं त्याच शेडमध्ये होतो. त्या प्रेसवर नंतर कुणाचंही बोट गेलं नाही.

अपघात कामावर झालाच नाही असं कागदावर आणायचं घाटत होतं, तेही तुमच्यामुळे टळलं. ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, मेडिकल बोर्डासमोर उभं राहता आलं, दरमहा रक्कम सुरू झाली, ती आजही येते.

आणखी एक. जाताना तुम्ही सांगितलंत की सुरक्षिततेबद्दल कामगाराला थेट इन्स्पेक्टरकडे दाद मागता येते, तो त्याचा कायदेशीर हक्क आहे. हजार कामगारांच्या कारखान्यात तेव्हाच्या कायद्याने सेफ्टी ऑफिसर नेमावाच लागायचा. आमच्यासारख्या वीस-पंचवीस जणांच्या शेडमध्ये कोण असतो? दरवर्षी ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, बिल्ला लावून शपथ घेतली की झालं. मी नंतर दोनदा तुमच्या कार्यालयात तक्रार घेऊन आलो. दोन्ही वेळा तुम्ही माणूस पाठवलात आणि माझं नाव कुठेही फुटलं नाही. नोकरी टिकली ती त्यामुळे.

त्या वेळी पोटात असलेला माझा मुलगा आता चाकणला प्रेस शॉपमध्ये लागलाय. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोन आला. "पप्पा, क्लच हवेचा आहे. सेन्सरमध्ये काठी घालून बघितली, रॅम जागेवर थांबला." तुम्ही मला शिकवलंत ते मी त्याला शिकवलं होतं.

साहेब, आता तुमच्यावर तपासणीचं बंधन नाही. तेव्हा आमच्या घरी चहा घ्यायला काहीच हरकत नसावी. जेवूनच जा. वहिनींनाही घेऊन या.

आपला,
भोसरीचा एक प्रेस ऑपरेटर