पिच आमच्या ओळखीचं आहे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बॅटरीवर जे जे छापून येतं, त्यात लिथियमचाच जप असतो. पण बॅटरीत लिथियमपेक्षा कितीतरी जास्त वजनाचं ग्राफाइट असतं. मी सातपूरला ग्राफाइट इलेक्ट्रोडच्या (पोलाद वितळवायच्या दांड्यांच्या) भट्टीवर एकतीस वर्षं काढली, म्हणून हे मनाला लागतं.

ग्राफाइट म्हणजे कार्बनचे घडीच्या पोळीसारखे पदर. चार्जिंगच्या वेळी लिथियम त्या पदरांत शिरतं, कार्बनच्या सहा अणूंमागे लिथियमचा एक. थंडीत ते शिरायला वेळ लागतो. त्यात घाईने चार्ज केलं तर लिथियम वरच साचतं आणि बॅटरी खराब होते, प्रसंगी शॉर्टही होते. जानेवारीत पुतण्याची स्कूटर हळू चार्ज होते, ती याचसाठी. यावर एक उपाय म्हणजे ग्राफाइटच्या दाण्यावर पिचचा, म्हणजे डांबरातून निघणाऱ्या काळ्या घट्ट पदार्थाचा, पातळ लेप देऊन तो भाजायचा. लिथियम आत लवकर शिरतं आणि पदरही सुटत नाहीत. डांबरी वासाचं ते पिच आम्ही रोज हाताळायचो!

सिलिकॉनमध्ये तेवढ्याच वजनाच्या ग्राफाइटच्या दहापट लिथियम मावतं म्हणतात. खरं आहे, पण सिलिकॉन तिपटीहून जास्त फुगतं आणि तडकतं. म्हणून सध्या ते ग्राफाइटमध्ये थोडंसंच मिसळतात. ग्राफाइट काही इतक्यात जात नाही.

कोकपासून (तेल किंवा कोळसा भाजून उरलेल्या कार्बनपासून) ग्राफाइट करायचं तर जवळपास ३००० अंश लागतात. मग भट्टी थंड होईपर्यंत कित्येक दिवस नुसतं थांबायचं. एकदा ऑर्डरच्या घाईत आमची भट्टी लवकर उघडली. हवा लागताच वरचा माल जळायला लागला, आणि काढला तेव्हा तो खडबडीत, खाल्लेला. नखाने खरवडला तरी भुगा पडायचा. कधी उघडायचं हे नुसतं मीटरवर कळत नाही.

बॅटरीचं बहुतेक ग्राफाइट चीनमध्ये तयार होतं, आणि डिसेंबर २०२३ पासून त्यांनी निर्यातीला परवाना लावला आहे. आपल्या सरकारने त्याच वर्षी ३० महत्त्वाच्या खनिजांची यादी काढली, तीत ग्राफाइट आहे. पण यादीने भट्टी चालत नाही. नाशिकच्या आयटीआय आणि इंजिनिअरिंग कॉलेजांनी बॅटरीच्या ग्राफाइटचा अभ्यासक्रम काढावा, छोटी भट्टी उभारावी. माझ्या शिफ्टमधले चौघे अजून हिंडते-फिरते आहेत. बोलावलं तर आम्ही येऊ, मानधन नको.

— एक निवृत्त भट्टी ऑपरेटर, सिडको, नाशिक